बंद केलेल्या खिडक्या

एक खिडकी बंद केली की तिच्या पाठीमागून दुसरी उघडत होती. इल्सीने पाचवी बंद केली तेव्हा लॅपटॉपमधून एक बाई खणखणीत आवाजात बोलायला लागली. या यंत्रात तेरा विषाणू शिरले आहेत, यंत्र बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा, नाहीतर सगळे फोटो कायमचे पुसले जातील. पडदा लालभडक झाला होता आणि मधोमध पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह लुकलुकत होतं.

“मेलीला दम म्हणून लागत नाही,” तव्यावर तोर्तिया टाकता टाकता एर्लिंडामावशी म्हणाली. “सकाळपासून तेच तेच. कालच्यापेक्षा हिचा आवाज तरी बरा आहे.”

“काल पण होती?”

“काल पुरुष होता. माझ्यावरच डाफरत होता, जणू मीच सोडलेत विषाणू.”

इल्सीला हसू आलं. तिने आवाज बंद केला आणि नेहमीच्या कामाला लागली. दर गुरुवारी सकाळी ती आपलं झेरॉक्सचं आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान दोन तास बंद ठेवायची, लेकीला सासूकडे सोडायची आणि चढण चढून वरच्या वस्तीत यायची. मावशीच्या लॅपटॉपमधली आठवडाभराची घाण काढायची, चार घास खायचे आणि परत जायचं. तिचा नवरा मार्विन याबद्दल कधी काही बोलत नसे. वस्तीतल्या बायकाही बोलत नसत, कारण सगळ्यांना माहीत होतं. एर्लिंडामावशीचा मुलगा ओल्विन परत आला असता तर ती इल्सीची सासू झाली असती.

ओल्विनला कामाच्या शोधात सरहद्दीपलीकडे उत्तरेकडे जाऊन सहा वर्षं झाली होती. शर्टांच्या कारखान्यात तीन वर्षं राबून त्याने हा लॅपटॉप जुन्या बाजारातून घेतला, आईला व्हिडिओवर आपलं तोंड दिसावं म्हणून. मग पाठीला पिशवी लावून तो इतरांसारखाच निघाला. वाटेतून त्याने फोटो पाठवले आणि आवाजातले एकोणीस निरोप पाठवले. एकोणिसाव्यात तो म्हणाला होता, आई, उद्या वाळवंट ओलांडायचंय, दोन दिवस फोन लागणार नाही, घाबरू नकोस. त्यानंतर आजतागायत फोन लागला नव्हता. इल्सी तीन वर्षं थांबली. मग तिने मार्विनशी लग्न केलं. लग्नाला मावशी निळा झगा घालून आली, सहा बशांचा संच देऊन गेली आणि एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती तर इल्सीला बरं वाटलं असतं.

“किती निघाली?” मावशीने विचारलं.

“एक्केचाळीस. मागच्या गुरुवारी मी सगळी साफ केली होती. एका आठवड्यात एक्केचाळीस जणांना तू आत घेतलंस, मावशी.”

“मी कुठं घेतलं? ते विचारतात.”

“विचारतात म्हणून लगेच ‘परवानगी द्या’ दाबायचं? नको म्हणायलाही बटण आहे तिथं.”

“विचारणाऱ्याला नको कसं म्हणू? त्यातला एखादा त्याची खबर घेऊन आला असला तर?”

इल्सी एकेक परवानगी काढत राहिली. मावशी दिवसभर जी पानं चाळायची ती असलीच होती. हरवलेल्यांची यादी, सापडलेल्यांचे फोटो, दवाखान्यात बेशुद्ध पडलेले अनोळखी तरुण. त्यातली निम्मी पानं खरी, निम्मी लोकांच्या दुःखावर जाहिराती विकणारी. प्रत्येक पान उघडताच विचारायचं, नवीन बातमी आली तर तुम्हाला कळवू का? मावशी हो म्हणायची. मग बातम्यांऐवजी विषाणू यायचे, बक्षिसं यायची, गुडघेदुखीवरची मलमं यायची.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा असा लाल पडदा आला तेव्हा मावशीची पाचावर धारण बसली होती. फोटो पुसले जातील हे वाक्य तिने पुन्हा पुन्हा वाचलं. ओल्विनचे सगळे फोटो त्या डब्यात होते, त्याचा आवाज त्या डब्यात होता. वादळाच्या वेळी नदी घरात शिरली तेव्हा तिने पलंग सोडला, देवाची तसबीर सोडली, पण लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर धरला आणि छातीइतक्या पाण्यातून शाळेपर्यंत चालत गेली. त्या लाल पडद्यावरच्या नंबरावर तिने फोन लावला. पलीकडे गोड बोलणारा माणूस होता. त्याने तिला तीन तास फोनवर ठेवलं, दुकानातून पैसे भरलेली कार्डं आणायला लावली आणि त्यांच्यावरचे आकडे एक एक करून वाचून घेतले. त्यापायी शिलाईचं मशीन विकावं लागलं. एवढ्यावर भागलं नाही. त्या माणसाने, नाहीतर त्याच्या जातभाईने, गप्पांगप्पांत मुलाचं नाव काढून घेतलं होतं. आठवड्याभरात दुसऱ्याच माणसाचा फोन आला, की ओल्विन आमच्या ताब्यात आहे, सोडवायचा तर पैसे पाठवा.

ते प्रकरण इल्सीनेच निस्तरलं. मावशीच्या फोनमधलं सिम काढून तिने पकडीने त्याचे तुकडे केले आणि नवा नंबर घेऊन दिला. मग मावशीला समोर बसवलं आणि लहान मुलीला पाढे शिकवावेत तसं शिकवलं. जे घाई करतं ते खोटं. जे नंबर देतं ते खोटं. जे शेवटची संधी म्हणतं ते तर पक्कं खोटं. असलं काही आलं की वाचत बसायचं नाही, रडायचं नाही. कोपऱ्यातली फुली दाबायची, आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र असेल तर ते दाबायचं. मावशीने कानाला खडा लावला आणि त्या दिवसापासून ती कुणाला फसली नव्हती.

“झालं का तुझं?” मावशीने बशीत दोन तोर्तिया, घेवडा आणि चीजचा तुकडा ठेवला. “मला दुकानातून एक वही आणून दे बाई. शंभर पानी. ही भरली.”

“कसली वही?”

मावशीने फडक्याला हात पुसले, फळीवरून एक वही काढली आणि इल्सीपुढे ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जरा शेखी होती.

“तूच म्हणाली होतीस, कशी कशी लबाडी करतात ते लक्षात ठेव. माझ्या कुठं लक्षात राहतंय? म्हणून लिहिते. येईल ते उतरवून घ्यायचं आणि मग बंद करायचं. बघ, एकसुद्धा सोडला नाही.”

मावशी तिसरीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं, गोल, एकेक शब्द थांबून थांबून काढलेला. तारीख, मग खिडकीत काय होतं ते, मग ‘बंद केलं’. इल्सी खाता खाता वाचू लागली. तुमच्या यंत्रात पाच विषाणू. बंद केलं. तुम्ही दहा लाखावे पाहुणे आहात, मोटार जिंकलात. बंद केलं. तुमच्या गावातल्या एकट्या स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत.

“हे पण?” इल्सीने विचारलं.

“ते पण. त्याच्यापुढे मी लिहिलंय बघ, ‘एकटी मीच आहे, मी तुझी वाट बघत नाही’.”

दोघी मोठ्याने हसल्या. मावशी हसताना तोंडावर पदर धरावा तसं फडकं धरायची. इल्सीला वाटलं, या बाईला हसताना पाहून किती दिवस झाले. तिने पानं उलटली. एका पानावर मावशीने विषाणूंची बेरीज करून ठेवली होती, वर्षभरात चारशेच्या वर. दुसऱ्या पानावर एका भामट्याने तिला प्रिय ग्राहक म्हटलं होतं आणि तिने समोर लिहिलं होतं, ‘प्रिय म्हणणारा पहिलाच’.

मग इल्सीचा हात थांबला.

बारा मार्च. पांढरी खिडकी, खालच्या कोपऱ्यात. ‘आपल्या फाइलबाबत महत्त्वाची माहिती उपलब्ध आहे. तीस दिवसांच्या आत खालील क्रमांकावर संपर्क साधावा.’ पुढे फाइलचा लांबलचक आकडा आणि फोन नंबर, दोन्ही एकेक अंक सुटा सुटा काढून उतरवलेले. बंद केलं, डबा दाबला.

तिने पान उलटलं. दोन एप्रिल. तीच पांढरी खिडकी, तोच आकडा. दुसरी सूचना. बंद केलं, डबा दाबला.

सतरा एप्रिल. शेवटची सूचना. बंद केलं, डबा दाबला.

“मावशी, ही कुणाची होती?”

मावशीने मान लांब करून पाहिलं. “ती होय? कोण जाणे. लाल नव्हती, ओरडतही नव्हती. अगदी सभ्य. मी म्हटलं, हे नवीन दिसतंय. पण घाई होती, नंबर होता, आणि तिसऱ्यांदा तर शेवटची म्हणून आली. तिन्ही खुणा. मी काय कच्ची आहे? तिसऱ्यांदा बंद केल्यावर थकले मेले. परत आले नाहीत.”

इल्सीने बशी बाजूला सारली. तिने आपला फोन काढला आणि जुने फोटो खाली खाली सरकवत गेली. लेकीचे फोटो गेले, लग्नाचे गेले, वादळानंतरच्या चिखलाचे गेले. त्याही आधीचा एक फोटो होता. चर्चच्या सभागृहात हरवलेल्यांच्या आयांच्या गालातून कापसाच्या काडीने डीएनएचा नमुना घेतला होता, त्या दिवशी मिळालेल्या पावतीचा. मावशी कागद हरवील म्हणून इल्सीने तेव्हा फोटो काढून ठेवला होता. कागद पुढे नदीने नेलाच. अर्ज इल्सीनेच भरला होता. पत्ता नदीकाठच्या वस्तीचा, जी आता नव्हती. फोन नंबर, ज्याचे तिने स्वतः तुकडे केले होते. आणि ईमेल, जो तिने त्याच दिवशी सभागृहाच्या पायरीवर बसून मावशीसाठी उघडला होता.

पावतीवर वरच्या कोपऱ्यात फाइलचा आकडा होता. तिने तो वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला, एकदा पुढून आणि एकदा मागून. मावशीने एकही अंक चुकवला नव्हता.

मेल ती दर गुरुवारी बघायची. पेटीत जाहिरातींखेरीज काही नसायचं आणि ती पेटी बंद करायची. कोपऱ्यातली पांढरी खिडकी म्हणजे नव्या मेलची सूचना, आणि तिच्यातला डबा दाबला की मेलच कचऱ्यात जायची. कचऱ्याच्या डब्यात डोकावावं असं तिला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आता तिने डबा उघडला. तीस दिवसांपूर्वीचं सगळं तो आपोआप गिळून बसला होता. बाहेर ऑगस्टचं ऊन होतं.

“थंड होतंय,” मावशी बशीकडे बोट दाखवून म्हणाली.

“एक फोन करून येते. इथं रेंज नाही.”

रेंज होती. इल्सी मागच्या अंगणात नान्सेच्या झाडाखाली गेली आणि तिने वहीतला नंबर लावला. नंबर परदेशातला होता. बराच वेळ रिंग गेली. मग एका बाईने उचलला, कचेरीचं नाव सांगितलं आणि फाइलचा आकडा विचारला. बेवारस मृतांची ओळख पटवणारी कचेरी होती ती. नाव ऐकताच इल्सीने झाडाच्या खोडाला हात टेकला आणि आकडा सांगितला.

“आपण त्यांच्या कोण?” बाईने विचारलं.

सहा वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर तिने एका शब्दात सांगितलं असतं.

“शेजारीण,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने डोळे मिटून घेतले.

“मग मला काही सांगता येणार नाही, बाई. फाइलवर फक्त आईचं नाव आहे. आईशीच बोलावं लागेल. त्यांच्याजवळ कुणी आहे का? त्या एकट्या असताना आम्ही सांगत नाही.”

“मी आहे,” इल्सी म्हणाली. “आम्हाला तुमचा निरोप आत्ता मिळाला. फार उशीर झालाय का?”

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. “आम्ही जुलैपर्यंत ठेवलं होतं, बाई.”

ठेवलं होतं. माणसाबद्दल असं कुणी बोलत नाही. इल्सी तिथेच खाली बसली. नान्सेची पिवळी फळं झाडाखाली पडून फुटली होती, त्यांचा आंबूस वास येत होता. इतकी वर्षं तिने स्वतःला बजावलं होतं की तो गेला आहे, हे तिला ठाऊक आहे, ठाऊक होतं म्हणूनच तिने लग्न केलं. आता कळलं, की तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या मनाचा एक कोपरा सहा वर्षं फाटकाकडे कान लावून बसला होता. तो आज, आत्ता रडायला लागला.

तिने रडू दिलं, पण आवाज होऊ दिला नाही. मग नळाखाली तोंड धुतलं. तेवढ्यात तिच्या मनात आलं ते तिला पुढे कितीतरी दिवस विसरता आलं नाही. तीन पानं फाडायची. वही तर भरलीच आहे, नवी आणून द्यायची आणि जुनी घेऊन जायची. मावशी दिवसभर फोटो चाळत राहील, विषाणूंना शिव्या देत राहील, दर गुरुवारी तोर्तिया करील. काय बिघडेल? मशीन गेलं, घर गेलं, आता निदान वाट बघणं तरी तिच्याकडे राहू द्यावं. इल्सीने वही काखेत धरली आणि हा विचार दारापर्यंत तिच्याबरोबर आला.

दारात मावशी उभी होती. तिने इल्सीचा चेहरा पाहिला. ती मागे वळली, गॅस बंद केला, तव्यावरची अर्धी भाजलेली तोर्तिया काढून ठेवली आणि खुर्चीवर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. हातांना पीठ तसंच होतं.

“बोल,” ती म्हणाली.

“ती पांढरी खिडकी खोटी नव्हती, मावशी.”

मावशी लॅपटॉपकडे बघत राहिली. इल्सीची साफसफाई झाली होती आणि पडद्यावर ओल्विन होता, कारखान्याच्या फाटकासमोर, डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून कपाळावर हात धरलेला.

“गालातून काडी फिरवली होती, त्यांचं होतं का?”

“हो.”

“म्हणजे सापडलाय.”

“हो.”

मावशीने मान हलवली, जणू कुणी तिला बाजारभाव सांगितला. बाहेर पाण्याच्या गाडीचा भोंगा वाजला, शेजारच्या बायका पिंपं सरकवायला लागल्या, कुणीतरी तिच्या नावाने हाक मारून गेलं. ती जागची हलली नाही.

“तीनदा,” ती शेवटी म्हणाली. “तीनदा आलं माझं लेकरू दारात. आणि तीनदा मी हाकललं त्याला.”

“मी शिकवलं होतं तुला. मी सिम तोडलं. डबा दाब म्हणून मीच सांगितलं. तुझं काही चुकलं नाही मावशी, चूक माझी आहे.”

“तू बरोबर शिकवलंस गं. चारशे लबाड आले, तुझ्या शिकवण्यानेच गेले.” मावशीचा आवाज अजून साधाच होता आणि इल्सीला ते ऐकवत नव्हतं. “पण मी सगळं वाचत होते. तू वाचू नको म्हणाली होतीस तरी वाचत होते. प्रत्येक खिडकीत पहिल्यांदा त्याचं नाव शोधत होते. ओल्विन असं कुठे लिहिलंय का. नाव असतं तर मी मरेपर्यंत बंद केली नसती. त्यांनी नाव का नाही लिहिलं?”

“ठाऊक नाही.”

“इतका मोठा आकडा लिहिला. नाव लिहायला काय झालं होतं त्यांना?”

आणि आता ती फुटली. खुर्चीत पुढे वाकली, पिठाचे हात तोंडावर धरले आणि असा आवाज काढला, की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. इल्सीने जमिनीवर बसून तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. दोघी रडत होत्या. इल्सी नवऱ्यासमोर, लेकीसमोर, कुणासमोरच ज्या माणसासाठी रडू शकत नव्हती, त्याच्यासाठी ती आज त्याच्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळेपणाने रडली. मावशीने पिठाचा हात तिच्या केसांवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं तेव्हा मावशी उठली. तिने तोंड धुतलं, केस विंचरले, निळा झगा काढून घातला. मग परत त्याच खुर्चीवर येऊन बसली.

“लाव फोन.”

“उद्या लावला तरी चालेल.”

“आधीच पाच महिने झालेत. लाव.”

इल्सीने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. तीच बाई आली. तिने आपलं नाव सांगितलं, मावशीचं नाव विचारून खात्री केली, पाणी जवळ आहे का ते विचारलं. मग हळू, एकेक वाक्य थांबून सांगितलं. वाळवंटात सापडला होता. बरीच वर्षं झाली होती. मावशीच्या नमुन्याशी जुळलं होतं, शंका नव्हती. तीन सूचना पाठवल्या, उत्तर आलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे जुलैत तिथल्याच सरकारी दफनभूमीत पुरला. कुटुंबाने अर्ज केला तर बाहेर काढून घरी पाठवता येतो. वेळ लागेल, पण येईल.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. इल्सीने तिचा हात धरला होता. तो थंड होता.

“तुम्ही त्याचं नाव का लिहिलं नाहीत?” मावशीने विचारलं.

“लिहीत नाही आम्ही, बाई. लबाड लोक नावं चोरतात आणि घरच्यांना छळतात. तुम्हाला सुरक्षित ठेवायला म्हणून नुसता आकडा घालतो.”

मावशीने इल्सीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असलं काही कुणावर रागावून सुटणारं नव्हतं.

“दफनभूमीत काय लिहिलंय?”

“तिथेही आकडाच आहे. अर्ज पूर्ण झाला की नावाची पाटी लागेल. आत्ता अर्ज सुरू करू का मी? फाइलचा आकडा सांगा.”

इल्सी वहीकडे हात नेणार होती. मावशीने तिचा हात दाबून थांबवला आणि फोनच्या जवळ वाकली.

“आकडा नको,” ती म्हणाली. “नाव लिहून घ्या. ओल्विन अदोनाय मेंब्रेन्यो. आईचं नाव एर्लिंडा. जन्म चौदा जून. उजव्या भुवईवर जुनी खूण आहे, झाडावरून पडला होता तेव्हाची.”

पलीकडे कळफलकाचा आवाज येत राहिला, मग थांबला.

“लिहिलंत?”

“लिहिलं, बाई.”

“मग वाचून दाखवा,” मावशी म्हणाली. “सावकाश.”